पावतीच्या पाठीवर मावेल असा पत्ता

अमळनेरच्या त्या कृषी सेवा केंद्रात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा काउंटरवर मालकांचा पुतण्या फोनवर कोणाला तरी दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता सांगत होता. "इंडेक्स डॉट पीएचपी... मग प्रश्नचिन्ह. नाही काका, शब्द नाही लिहायचा, चिन्ह काढायचं. मग पेज, बरोबर, इन्फो. मग अँडचं चिन्ह..." पलीकडचे काका पारोळ्याकडचे होते. कपाशीत गुलाबी बोंडअळी दिसत होती आणि त्यांना त्या अळीचं पान हवं होतं. तीनदा ऐकून घेतल्यावर त्यांनी "राहू दे भो, मी बाजारच्या दिवशी येतो" म्हणून फोन ठेवला.

ते पान मी नंतर नीट वाचलं. फारच चांगलं होतं. कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढणारे) कधी लावायचे, डोमकळ्या (अळी लागून मिटून राहिलेली फुलं) कशा ओळखायच्या, फरदड (वेचणीनंतरही पुढे राखलेली कपाशी) का ठेवू नये, सगळं मालकांनी स्वतः सांगून लिहून घेतलेलं. सगळा तालुका त्यांना आबा म्हणतो, मीही आबाच म्हणते. चाळीस वर्षं शेतकऱ्यांशी बोलून जमलेलं ते ज्ञान एका अशा पत्त्यामागे अडकलं होतं की जो कोणाला सांगताही येत नव्हता.

मला बोलावलं होतं ते मात्र वेगळ्याच कारणाने. जुनी साइट कोणी तरी काही वर्षांपूर्वी करून दिली होती. तिच्यामागे दुकानाचं खातं जोडलेलं होतं: कोणाकडे किती बाकी, कोणाचं बियाणं उधारीवर गेलं. पुतण्या दुकानाच्या संगणकावर लॉगिन करून काम करायचा. एके दिवशी त्याने ठिबकच्या खतांचं पान कॉपी करून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. त्या साइटच्या पत्त्यात शेवटी एक लांबलचक आकडा चिकटलेला असायचा. तो होता सेशनचा क्रमांक, म्हणजे 'हा माणूस आत आलेला आहे' ही सर्व्हरची खूण. ही खूण कुकीत, म्हणजे ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो त्या छोट्याशा नोंदीत, ठेवायची असते. तिथे ती पत्त्यातच होती. ग्रुपमधल्या एकाने लिंक उघडली, आणि सर्व्हरने त्याला पुतण्याच समजून उधारीची यादी दाखवली.

आबांचा आवाज अजून आठवतो. "ताई, उधारी ही माझ्यात आन् शेतकऱ्यात राहते. कापूस विकला की तो आणून देतो. मधी कोणी नसतं." त्यांनी मोबाईलवर तो पत्ता मला दाखवला. दोन ओळी, तिसरी अर्धी. आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं, "हाऊ पत्ता शे का मंतर?"

दुसरं भोक मला त्याच दुपारी सापडलं. बिलाच्या पानाच्या पत्त्यात बिलाचा क्रमांक होता. मी तो एकाने वाढवला आणि पुढच्या शेतकऱ्याचं बिल समोर आलं. हे इथेच स्पष्ट सांगते, कारण पुष्कळांचा गैरसमज असतो: पत्ता सुटसुटीत केला म्हणून दाराला कुलूप लागत नाही. बिल मागणारा माणूस ते बिल बघायचा हक्कदार आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासलंच पाहिजे. ते आणि सेशन कुकीत नेणं, ही दोन कामं मी पहिल्या दोन दिवसांत केली. मग आबांना म्हटलं, आता पत्त्यांना हात घालू या, मे महिन्यात बियाण्याची गर्दी सुरू व्हायच्या आत.

जळगाव ते अमळनेर मी पॅसेंजरने जायचे. पत्त्यांचा पहिला आराखडा मी धरणगावच्या पुढे, वहीत, पेन्सिलने केला. आजही कोणी विचारलं तर हेच सांगते की हे काम कोडमध्ये सुरू करू नका. आधी सर्व्हरच्या नोंदींतून गेल्या वर्षभरात लोकांनी मागितलेले सगळे पत्ते काढले आणि त्यांची यादी केली. त्यात कळलं की कपाशी, मिरची आणि केळी या तिन्हींवर चालणारं एकच फवारणीचं औषध साइटवर तीन वेगळ्या पत्त्यांवर होतं, कारण ते तीन पिकांच्या यादीत होतं. लोक एक लिंक पाठवत, दुसरे दुसरी, आणि गुगलच्या लेखी ती तीन पानं होती. त्यावर उपाय म्हणून पानाच्या डोक्यात 'खरा पत्ता हा' असं लिहिता येतं. २००९ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ती खूण आणली. पण घरात एका माणसाची तीन रेशनकार्डं असतील तर आधी दोन रद्द करावीत, हे मला जास्त पटतं.

म्हणून पहिला निर्णय हा: वस्तूचा पत्ता तिच्या वर्गवारीवर अवलंबून ठेवायचा नाही. पिकांच्या याद्या कितीही असोत, औषध एकाच जागी राहील. वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं आहे की चांगले पत्ते बदलत नाहीत, आणि पत्त्यात काय नको त्याची यादीही दिली आहे: लेखकाचं नाव, फाइलचं शेपूट, कोणत्या यंत्रणेवर चालतं ते. त्या यादीत विषयाची वर्गवारीही आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं. त्या औषधाने पटवलं. वर्गवारी ही आजची सोय असते, उद्या आबा 'भाजीपाला' नावाचा नवा भाग काढतील आणि मिरची तिकडे जाईल. वस्तूचा प्रकार मात्र बदलत नाही: कीड ही कीडच राहणार, पीक हे पीकच. म्हणून पत्त्यात फक्त प्रकार आणि नाव. दुकानाच्या नावापुढे 'पीक', मग 'कापूस'. किंवा 'कीड', मग 'गुलाबी-बोंडअळी'. शेवटचं पीएचपी गेलं. सर्व्हर आत कोणत्या भाषेत काम करतो याच्याशी पारोळ्याच्या काकांना काय करायचं?

प्रश्नचिन्हही सगळीकडून काढायचं नव्हतं. इथे माझं मत ठाम आहे. जे त्या पानाची ओळख सांगतं ते पत्त्याच्या वाटेत यावं, आणि जे फक्त बघण्याची पद्धत सांगतं, उदाहरणार्थ किमतीनुसार लावा किंवा दुसरं पान दाखवा, ते प्रश्नचिन्हानंतर खुशाल राहावं. काही जण उत्साहात तेही तिरप्या रेघांमध्ये कोंबतात आणि मग एका यादीचे शेकडो पत्ते होतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लिपीवर. माझी पहिली इच्छा देवनागरीची होती. मराठी शेतकरी, मराठी पान, मग पत्ता का नको मराठीत? ब्राउझरच्या पट्टीत 'गुलाबी-बोंडअळी' इतकं सुरेख दिसतं की मी आबांना तसा नमुना करून दाखवलाही. त्यांना फार आवडला. मग पुतण्याने तो कॉपी करून ग्रुपवर टाकला आणि आम्ही तिघं गप्प झालो. पत्ता कॉपी केला की बहुतेक ठिकाणी देवनागरी अक्षर तसं राहत नाही, त्याची टक्क्यांची माळ होते. एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट (संगणकाच्या साठवणीचं माप) लागतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका 'ग'चं होतं टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ सात. काना, मात्रा, अनुस्वार यांनाही तेवढंच. 'गुलाबी-बोंडअळी' मध्ये अशी १३ चिन्हं आहेत आणि एक आडवी रेघ. त्याची झाली ११८ अक्षरं. आबा ज्याला मंतर म्हणाले होते तोच पुन्हा समोर.

आणि खरी अडचण याहूनही खोल होती. साइटवर 'शेतकऱ्यांसाठी' नावाचं एक पान होतं. मी माझ्या लॅपटॉपवर तो शब्द टाइप करून पत्ता बनवला. पुतण्याने दुकानाच्या संगणकावर तोच शब्द टाइप केला, तर पान सापडेना. दोन्ही शब्द पडद्यावर अगदी सारखे. मी एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं. माझ्याकडे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर होतं. त्याच्या कीबोर्डवर साधा 'र', मग हलंत आणि मग डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह येत होतं. दिसायला एक 'ऱ्या', सर्व्हरला दोन वेगळे शब्द. शेतकरी, वारा, किनारा, दरी: आपल्या भाषेत हा 'ऱ्या' किती ठिकाणी येतो ते बघा. तपासून एकाच रूपात आणता येतं, मी साइटच्या शोधपेटीसाठी तसं केलंही. पण ज्या पत्त्यावर दुकानाचं नाव चालायचं त्याचा भरवसा एका अदृश्य चिन्हावर ठेवायला माझं मन तयार होईना. ज्यांचे पत्ते देवनागरीत सुरळीत चालतात त्यांच्याबद्दल मला आनंद आहे. फक्त एक ध्यानात असू द्या: वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार साधनामध्ये ही माळ २०० अक्षरांच्या रकान्यात साठते, म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर मराठी शीर्षक कापलं जातं.

शेवटी रोमन घेतली. इथे मी वाचायला सोपं जावं म्हणून सगळे पत्ते देवनागरीत लिहिते आहे.

पण रोमन म्हणजे कोणती? दुकानात त्या वेळी असलेल्या चौघांना मी चिठ्ठीवर 'कापूस' रोमन अक्षरांत लिहायला सांगितलं. एकाने शेवटी यू-एस लिहिलं, दोघांनी डबल ओ आणि एस, आणि हमालाने सरळ हिंदीसारखं कपास. चौघंही बरोबर होते. मी त्यातलं यू-एसवालं छोटं रूप मुख्य ठरवलं आणि उरलेल्यांसाठी एक तक्ता केला: हे नाव आलं तर त्या पानावर पाठव. 'गुलाबी' म्हणणारे आहेत तसे तिला 'शेंदरी बोंडअळी' म्हणणारेही आहेत, तेही तक्त्यात गेलं. शब्दांच्या मध्ये आडवी रेघ, खालची नाही. लिंकखाली अधोरेषा आली की खालची रेघ तिच्यात बुडून जाते आणि वाचणाऱ्याला तिथे मोकळी जागा वाटते.

मालाच्या पानांसाठी मात्र नुसतं नाव पुरलं नाही. दोनशेच्या वर वस्तू, कंपन्या नावं बदलतात, एकाच नावाचे दोन डोस असतात. तिथे नावाआधी आकडा ठेवला. सर्व्हर फक्त आकडा बघतो, नाव माणसासाठी. नाव चुकलं किंवा मेसेजमध्ये अर्धं तुटलं तरी आकड्यावरून पान सापडतं आणि पट्टीत बरोबर नाव येतं. कापसाच्या भावाचं पान रोज बदलतं, म्हणून 'भाव', 'कापूस' एवढ्या पत्त्यावर कायम आजचा भाव, आणि पुढे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लावली की त्या दिवसाचा. वर्ष आधी ठेवलं की यादी आपोआप क्रमाने लागते.

मग जुन्या पत्त्यांचं काय? पावत्यांवर, ग्रुपांत, कोणाच्या मोबाईलमध्ये जपून ठेवलेले ते होतेच. यासाठी सर्व्हरचं ३०१ क्रमांकाचं उत्तर असतं: 'हे पान कायमचं इकडे गेलं.' आबांना ते समजावताना मला एदलाबाद आठवलं. मुक्ताईनगर हे नाव होऊन इतकी वर्षं झाली, तरी एखादी म्हातारी एस.टी.त चढून एदलाबादचं तिकीट मागते. कंडक्टर तिला खाली उतरवत नाही, मुक्ताईनगरचं तिकीट फाडून देतो. "मंग आपला सर्व्हर कंडक्टर," आबा म्हणाले. त्या दिवसापासून दुकानात ३०१ ला कंडक्टरच म्हणतात.

प्रत्यक्ष बदल मी एका रविवारी रात्री केला आणि तो पहिल्यांदा फसला. अपाचे सर्व्हरवर पत्ते आतल्या आत वळवण्याचं काम मॉड रीराइट नावाचा भाग करतो. १९९६ पासून तो आहे आणि अजून असंख्य साइटी त्यावर चालतात. माझा नियम साधा होता: मागितलेली फाइल खरोखर असेल तर ती दे, नसेल तर सगळं इंडेक्स या मुख्य फाइलकडे पाठव, ती बघून घेईल. दुसरा नियम: कोणी जुना पत्ता मागितला तर त्याला नव्याकडे धाड. दोन्ही वेगवेगळे बरोबर. एकत्र चालू केले आणि ब्राउझर म्हणाला, खूप वेळा फिरवलं जात आहे. नवा पत्ता आतून जुन्या रूपात वळत होता, नियम पुन्हा वरून वाचले जात होते, जुनं रूप दिसताच ते नव्याकडे धाडलं जात होतं. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. आत काय झालंय ते न बघता ब्राउझरने मुळात काय मागितलं होतं ती ओळ तपासायची, अशी अट घातल्यावर फेरा तुटला.

तेवढ्यात पान उघडलं, तर अंगावर कपडे नसल्यासारखं: रंग नाहीत, चित्रं नाहीत. जुने सगळे पत्ते एकाच पातळीवर होते, त्यामुळे चित्रांचे आणि स्टाइलचे पत्ते 'इथूनच शेजारी' अशा हिशोबाने लिहिलेले. आता 'कीड' नंतर तिरपी रेघ आली आणि ब्राउझर ती चित्रं कीड नावाच्या, नसलेल्या फोल्डरमध्ये शोधू लागला. सगळे पत्ते मुळापासून सुरू होतील असे करायला पहाटेचे तीन वाजले. एक गोष्ट तेवढी मी आधीच नीट केली होती: पहिला आठवडा ३०१ ऐवजी तात्पुरतं ३०२ ठेवलं. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. चूक झाली असती तर ती लोकांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसली असती आणि मला तिथे पोचता आलं नसतं.

डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाच्या पानावरून आबांशी जरा वाद झाला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. दुकानात ते नाही, तेव्हा पान काढून टाका, असं आबांचं म्हणणं. मी नोंदी दाखवल्या: लोक अजून ते पान शोधत येत होते. आता त्याच पत्त्यावर पान आहे, त्यावर बंदीची तारीख, बंदीचं कारण आणि त्याऐवजी काय विचारावं ते लिहिलं आहे. जो माणूस जुनी बाटली हातात धरून शोधतो त्याला 'पान सापडलं नाही' एवढंच सांगणं मला योग्य वाटलं नसतं.

जून उजाडायच्या आत आबांनी बिलबुकावर नवा पत्ता छापून घेतला आणि शटरवरही रंगवून घेतला. पेंटरने सगळी अक्षरं मोठ्या लिपीत काढली, कारण शटरवर तीच उठून दिसतात. दुकानाच्या नावाच्या भागाला त्याने फरक पडत नाही, तिथे मोठं-लहान एकच. पण त्याच्या पुढचा भाग आमच्या सर्व्हरवर मोठं-लहान वेगळं धरायचा, आणि शटर बघून टाइप करणाऱ्यांना पान मिळेना. पेंटरला परत बोलावण्यापेक्षा मी सर्व्हरलाच शिकवलं की काहीही आलं तरी लहान अक्षरांवर ने.

हल्ली सगळे म्हणतात की क्यूआर कोड आलाय, पत्ता वाचतं कोण. आबांनी बियाण्याच्या पिशवीवर लावायला कोडही छापला. आधी चुकून जुन्या लांब पत्त्याचा छापला गेला: बारीक ठिपक्यांची दाट जाळी, आणि घामाने मऊ पडलेल्या कागदावरून तो उचललाच जाईना. पत्ता छोटा तर ठिपके मोठे आणि थोडके. नव्या पत्त्याचा कोड चुरगळलेल्या पावतीवरूनही चालतो.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा दुकानात होते. पुतण्या फोनवर होता. "दुकानाचं नाव, डॉट इन, तिरपी रेघ, कीड, तिरपी रेघ, गुलाबी, आडवी रेघ, बोंडअळी." पलीकडून कोणी तरी तेच परत म्हणून दाखवलं, पुतण्या "हां, तेच" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तक्ता मी अजून सांभाळते. दर महिन्याला न सापडलेल्या पत्त्यांची यादी काढते आणि ज्यात माणसाचा हात दिसतो ते वेगळे करते. मागच्या वेळी 'शेंदरी-अळी' असं चार वेळा आलेलं होतं, मधला 'बोंड' गाळून. ते नावही लिहून घेतलं. आता तेही त्याच पानावर जातं.